ढेपीचं पोट

आमच्याकडे डुक्कर म्हणजे नुसता आवाज. दिसायचं ते क्वचितच. धान निसवायला लागलं, लोंब्या बाहेर पडायला लागल्या की जंगलाच्या बाजूने काहीतरी सरकत यायचं, धानाच्या बांधीतलं पाणी चुबूकचुबूक वाजायचं आणि मचाणावर बसलेले बाबा तेलाच्या रिकाम्या डब्यावर काठी बडवायचे. सकाळी आई मला घेऊन बघायला जायची. चटई अंथरल्यासारखा धानाचा एक पट्टा आडवा झालेला असायचा आणि चिखलात दोन-दोन टोकांचे ठसे. आई त्या ठशांवर थुंकायची. गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गावात लहान मुलं रडली तर त्यांना वाघाची भीती घालत नसत, डुकराची घालत. हे आधी सांगून ठेवते, म्हणजे अठराव्या वर्षी मी नगरच्या नागापूरला एका घराच्या उंबऱ्यात उभी होते आणि आतल्या शहाबादी फरशीवर, पंख्याखाली, एक काळं डुक्कर कुशीवर झोपून घोरत होतं, तेव्हा माझं काय झालं असेल ते समजेल.

मामाने मला तिथे आणून सोडलं होतं. मामा एमआयडीसीत वॉचमन होता. वायंडिंगच्या एका कारखान्यात मुली घेतात, तांब्याच्या तारेचे फेरे मोजायचे एवढंच काम, असं त्याने आईला सांगितलं होतं. माझी शाळा आठवीतच सुटलेली. सातवीपर्यंतच गावात होती, पुढे नदीपलीकडे जावं लागायचं. एक पावसाळा गेले, दुसऱ्या पावसाळ्यात नाही गेले, मग कोणी विचारलंही नाही. मामाची स्वतःची खोली चार बाप्यांची, तिथे मला कुठे ठेवणार. म्हणून त्याने बाईंना गाठलं. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, मिशनच्या शाळेत आयुष्य गेलेलं, नवरा कधीच वारलेला, मूलबाळ नाही. सगळं नागापूर त्यांना नुसतं बाईच म्हणायचं. एमआयडीसीचे कारखाने संपून जिथे कांद्याची आणि जनावरांच्या घासाची शेतं सुरू होतात, तिथे त्यांचं बैठं घर होतं.

"घाबरू नकोस," बाई म्हणाल्या. "तिला जास्त भीती वाटते आहे. ती झोपलेली नाही, झोपेचं सोंग करते आहे. कान बघ."

मी पाहिलं. उजवा कान माझ्याकडे वळला होता. त्याच्या आतले केस पंख्याच्या वाऱ्याने हलत होते. मामा मागच्या मागे पायरी उतरला आणि म्हणाला, "बरं पोरी, येतो मी." पुढल्याच वर्षी तो गावी परतला, त्यामुळे नगरमध्ये माझं म्हणावं असं माणूस बाईंवाचून उरलं नाही.

ती पुण्याहून आली होती. बाईंचा भाचा दानियल, नगरात मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं, त्याच्या एका मित्राने ती पिल्लू असताना हौसेने फ्लॅटमध्ये आणली. व्हिएतनामकडची ठेंगणी जात आहे, मांजराएवढीच राहते, असं विकणाऱ्याने त्याला सांगितलं होतं. वर्षभरात ती मोठ्या पातेल्याएवढी झाली आणि पोट जमिनीला टेकायला लागलं. त्या जातीचं पोटच तसं असतं, ढेरी सुटलेल्या हलवायासारखं. सोसायटीने तक्रार केली. दानियल चार दिवसांसाठी म्हणून तिला आत्याकडे घेऊन आला, ते चार दिवस चाललेच होते. बाईंनी तिचं नाव ढेपी ठेवलं. काळ्या गुळाची ढेप उन्हात ठेवली की तिला जी घामेजलेली चमक येते, तशी तिची कातडी होती.

त्या घराची सकाळ मला अजून पाठ आहे. आधी बाईंच्या स्टोव्हचा फुरफुर आवाज. गॅस होता, पण चहा स्टोव्हवरचाच त्यांना लागायचा. मग फरशीवर टकटक, टकटक, ढेपीच्या खुरांची. तो आवाज उंच टाचा घातलेल्या बाईसारखा यायचा. मोठ्या देहाला एवढी बारीक पावलं देवाने का दिली असतील, मला नेहमी प्रश्न पडे. ती मागच्या दाराशी जाऊन एकदाच हुंकार द्यायची. दार उघडलं की अंगणाच्या पार टोकाला, पेरूच्या झाडामागे जाऊन यायची. कधी, एकदाही, तिने दुसरीकडे घाण केली नाही. मग न्याहारी. बाईंना दोन चपात्या, मला तीन, तिला भोपळ्याची सालं, काकडीची टोकं, रात्रीची भाकरी ताकात कुस्करून. खाताना तिचे डोळे मिटायचे. तिच्या पापण्यांना लांब, सरळ केस होते, बाहुलीला लावतात तसे. मग मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे आणि बाई उच्चार सुधारायच्या. माझं जे काही वाचणं-लिहिणं आहे ते त्या न्याहारीचं आहे. आजही लिहिताना एखादी वेलांटी अडली की बाईंची पेन्सिल टेबलावर वाजल्यासारखी वाटते आणि मी शब्दच बदलते. इतक्या वर्षांनीही भीती गेली नाही. जावी असं वाटतही नाही.

दूध शेजारच्या मळ्यातून यायचं. गोदाकाकू आणायच्या. दोन म्हशी, कांदा, घास, सगळं एकहाती बघणारी बाई, बोलायला फटकळ. त्या फाटकाच्या आत पाऊल ठेवत नसत. फाटकावरून किटली कलती करून बाईंच्या पातेल्यात दूध ओतायच्या, पदराने नाक झाकलेलं.

"गोदाबाई, आत या की. चहा झालाय," बाई रोज म्हणायच्या.

"आत त्ये बसलंय ना पंख्याखाली सायबावानी. त्याचं हुद्या आधी."

"ती तुमच्या म्हशीपेक्षा स्वच्छ आहे."

"म्हशीला नावं ठिवू नका, बाई. तिचं दूध पिता." मग माझ्याकडे वळून, "काय गं गोंदियाची, डुकरानं तुला च्या दिला का न्हाई अजून? का तूच करून पाजती त्याला?"

मला हसू यायचं, पण बाईंसमोर हसायचं धाडस नसे. महिन्यातून एकदा आईला फोन करायचे, तेव्हा तीही तेच विचारायची. "अजून त्या डुकराच्याच घरी रायतेस का वो? मामाले अकल नव्हती, तुले तरी पायजे होती." मी म्हणायचे, "आई, घर बाईंचं हाय. डुक्कर पाहुणं हाय." पण ते काही खरं नव्हतं. पाहुणी मी होते. ढेपीला त्या घरातलं सगळं ठाऊक होतं आणि मला काहीच नाही.

तिला काय काय ठाऊक होतं ते सांगू लागले तर लोक मला वेडी म्हणतील. बाईंना साखरेचा आजार होता. त्यांची गोळी घ्यायची वेळ झाली की ती टेबलाखाली जाऊन बसायची, कारण गोळीनंतर बाई बिस्कीट खायच्या आणि अर्धं तिला मिळायचं. बिस्किटासाठी का होईना, बाईंची गोळी तिच्यामुळे कधी चुकली नाही. माझी पाळी असली आणि मी भिंतीकडे तोंड करून पडले, की ती येऊन माझ्या पाठीला पाठ लावून आडवी व्हायची. तिच्या अंगाची ऊब चुलीजवळच्या भिंतीसारखी, वरून सौम्य आणि आत खोल. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी श्वास रोखून पडून राहिले. माझ्या बापाने ज्या जनावरावर डबे बडवले त्याच्या काळजाचे ठोके माझ्या पाठीच्या कण्यात वाजत होते. मी आवाज न करता रडले. तिने फक्त एक लांब उसासा टाकला, म्हाताऱ्या माणसासारखा.

मला ठेवून घेताना बाईंनी भाडं ठरवलं, पण वेळा ठरवल्या नाहीत, देवळात जाशील का, काय खाशील, काहीच विचारलं नाही. अट एकच. फाटकाची कडी. "बाहेर नाल्यावर मोकाट डुकरं आहेत, कुत्री आहेत, पकडून नेणारे आहेत. ती एकदा बाहेर गेली की माझी नाही. काहीही विसर, कडी विसरू नकोस." मी रोज कडी लावून दोनदा हलवून बघायचे. कामावर तारेचे फेरे मोजताना मध्येच मनात यायचं, लावली ना? मोजणी चुकायची, सुपरवायझर ओरडायचा, मी पुन्हा एकपासून.

आणि ती कडी मी नाताळात विसरले.

घरात पाहुणे होते. दोन दिवस करंज्या, चकल्या, शेव तळणं चाललं होतं. माझ्या केसांनाही तेलाचा वास येत होता. दुपारी बाई पाहुण्यांना घेऊन चर्चच्या कार्यक्रमाला गेल्या आणि जाताना म्हणाल्या, गोदाबाईंकडे फराळाचं ताट देऊन ये. दोन्ही हातांत ताट, वर क्रोशाचा रुमाल. पायाने फाटक ओढून घेतलं आणि गेले. काकूंनी ताट घेतलं, बसवून चहा पाजला, माझ्या गावाकडचं सगळं विचारून घेतलं. त्यांच्या तोंडून मायेचं बोलणं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, म्हणून मीही बसून राहिले. ताट रिकामं परत पाठवत नाहीत म्हणून त्यांनी त्यात ओंजळभर बोरं घातली. परत आले तर फाटक सताड उघडं आणि अंगण रिकामं.

ताट तसंच हातात धरून मी धावले. कारखान्यांच्या मागे नाला आहे, तिथपर्यंत पोचेस्तोवर उन्हं कलली होती. ढेपी तिथे होती. चिखलात, उतरत्या उन्हात आडवी. तिच्या शेजारी एक मोकाट डुक्कर, मानेवरचे केस ताठ, अंगावर जखमांचे व्रण. दोघं नवरा-बायको दुपारचं पडल्यासारखी निवांत होती. मी लांबूनच एक बोर टाकलं. तिने नाक वर केलं. मग दुसरं बोर. असं एकेक बोर टाकत मी तिला दिवेलागणीला घरी आणलं, नळाखाली घासून धुतलं, फरशी पुसली, कडी लावली. बाई आल्या तेव्हा ती पंख्याखाली होती. "दमलेली दिसतेय गं," बाई म्हणाल्या. "पाहुण्यांचा त्रास झाला असेल." मी म्हणाले, हो.

एवढंच. एक हो.  सांगितलं तर घर जाणार हे मला स्पष्ट दिसत होतं.

उन्हाळा लागला तशी ढेपी सुटायला लागली. आधीच जमिनीला टेकणारं पोट आता फरशीवरून फरफटायला लागलं. दानियलने पुण्याच्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, ही जात खादाड असते, चपात्या बंद करा. बाईंनी बंद केल्या. नुसती काकडी आणि दुधी. ढेपी माझ्या पायाशी येऊन बसायची आणि वर बघायची. ते बघणं मला सहन व्हायचं नाही. माझ्या डब्यातली अर्धी भाकरी मी रोज तिला चोरून देऊ लागले. ती अजून सुटली. मग मला वाटायला लागलं, माझ्याच भाकरीने तिला काहीतरी होतंय. नाताळचं एक पाप होतंच, त्यावर हे दुसरं. आज हे लिहिताना स्वतःचाच राग येतो. आम्ही दोघी रोज, दानियल अधूनमधून, त्या पोटाकडे बघत होतो. पण ते पोट पहिल्यापासूनच तसं, त्यामुळे त्यात आणखी काही असेल हे आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

ईस्टर होऊन गेला होता. तिचा स्वभाव बिघडला. कोणी जवळ गेलं की हुसकवायची. एका बुधवारी बाई पाण्याची वाटी ठेवायला वाकल्या आणि तिने डोक्याने धक्का दिला. बाई पडल्या. मनगट सुजून पावासारखं झालं. दानियल आला, प्लास्टर घालून आणलं आणि त्याच संध्याकाळी त्याने ठरवून टाकलं.

"आत्या, आता बास झालं. एक टेम्पोवाला आहे ओळखीचा. रविवारी सकाळी येऊन घेऊन जाईल."

"कुठे नेईल?"

दानियलने मोबाईलची बटणं दाबत बसल्यासारखं केलं. "नेईल कुठेतरी. डुक्कर आहे ते, आत्या."

बाई चांगल्या हाताने प्लास्टरवरचा पांढरा भुगा झाडत राहिल्या.

शनिवारी कामावरून आले तर अंगणात माझी गोधडी फरफटत चालली होती. आईच्या लुगड्यांची गोधडी, गोंदियाहून मी एवढीच ऊब बरोबर आणली होती. ढेपीने ती तोंडात धरली होती आणि पडवीच्या कोपऱ्याकडे निघाली होती. तिथे ढीग साचला होता: बाईंच्या झेंडूची रोपं मुळासकट, कडब्याच्या पेंढीतलं अर्धंअधिक, एक पोतं, वर्तमानपत्रं. मी ओरडणार होते, ओरडू शकले नाही. ती काय करते आहे ते बघतच राहिले. कडबा दातांनी मोडून ती त्याचे वीतभर तुकडे करत होती. जाड दांडे बाहेरच्या बाजूला, मऊ पाला आत. मध्ये उभी राहून पुढच्या पायांनी उकरून खळगा करायची, गोल फिरून अंग टेकवून बघायची, उठायची, एक काडी तिकडची इकडे. नाकाने कडा उचलून दाबायची. गोधडी तिने सगळ्यात शेवटी, बरोबर मधोमध घातली. घामाने तिची पाठ चमकत होती, तोंडाला फेस होता. जिला पंधरा दिवसांची असताना आईपासून तोडलं, जी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर टाइल्सवर वाढली, जिने घरटं म्हणून आयुष्यात काही पाहिलं नव्हतं, तिला हे कोण सांगत होतं?  ज्याला आम्ही डबे बडवून हाकलत होतो ते असं काही मनात घेऊन जंगलात फिरत होतं तर.

"वेड लागलंय तिला," बाई दारातून थकलेल्या आवाजात म्हणाल्या. "जाऊ दे उद्या."

तेवढ्यात फाटकावर किटली वाजली. गोदाकाकूंना तिथून पडवी सरळ दिसत होती. त्यांनी नाकावरचा पदर काढला आणि डोळे बारीक केले.

"बाई, वेड न्हाई लागलं. तिची कास बघा की. उतरलीया. सडं तटतटल्यात." त्यांनी म्हशीबद्दल बोलावं तशा अदबीने आवाज खाली आणला. "गाभन हाय ती. भरलेत दिवस."

"काहीतरीच काय, गोदाबाई. फाटकाबाहेर पाऊल पडलेलं नाही तिचं."

"मंग काय वाऱ्यानं ऱ्हायली व्हय? माझी हयात जनावरात गेली."

"तुम्ही म्हशींचं सांगा. हे वेगळं आहे." बाईंनी फाटकाशी येऊन पातेलं पुढे केलं. विषय संपला होता.

 गप्प बसले तर काकूंचं बोलणं वाऱ्यावर जाणार आणि सकाळी टेम्पो येऊन पोटुशी ढेपी जाणार. बोलले तर मी जाणार. एवढं सोपं गणित माझ्यासमोर कधी आलं नव्हतं. आणि मी धाडसी नव्हते, नाही, आजही नाही. माझ्या तोंडून ते बाहेर पडलं ते उलटी पडावी तसं.

"गेली होती ती, बाई. नाताळात. कडी मी विसरले होते."

काकूंची किटली वाकडीच राहिली. दूध कडेवरून ओघळलं.

"किती वेळ?" बाईंनी विचारलं.

"दुपारपासून दिवे लागेपर्यंत. नाल्यावर. मी आणली परत. धुतली. सांगितलं नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, वर्गात पाहत असतील तसं. मग आत गेल्या आणि खोलीचं दार लावून घेतलं. त्या घरात ते दार कधी लागलेलं मी पाहिलं नव्हतं. आतून त्यांचा फोनवरचा आवाज आला, आणि दानियलचा इतका मोठा की दाराबाहेर कळत होता: "अगं आत्या, एक सांभाळवत नाही, दहा कुठे ठेवशील? टेम्पो सांगून झालाय." पुढे बाई काय म्हणाल्या ते कळलं नाही. कदाचित काहीच नाही. फाटकाशी गोदाकाकू अजून उभ्या होत्या. म्हणाल्या, "पोरी, जेव काईतरी," आणि गेल्या. मी जेवले नाही. कपडे पिशवीत भरले, पिशवी छातीशी धरून भिंतीला टेकून बसले, आणि त्या रात्रीचं यापेक्षा जास्त काही सांगण्यासारखं नाही.

रविवारी सकाळी बाई चर्चला निघायच्या पांढऱ्या साडीत बाहेर आल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. चहा मी केला, गॅसवर. त्यांनी तो तसाच प्यायला. टेम्पो आला, मागोमाग दानियलची मोटरसायकल. टेम्पोवाला तरुण होता, खांद्यावर सुती दोर. तो पडवीकडे वळला, घरट्याशी वाकला आणि झटक्याने मागे आला.

"ओ भाऊ, ही तर व्यायला बसलीये."

आम्ही सगळे पुढे सरकलो. ढेपी कुशीवर पडली होती. पोटावरून लाटा जात होत्या, तळ्यात खडा टाकल्यावर जातात तशा, एकामागून एक, घाई नसलेल्या. तिचा वरचा डोळा उघडा होता आणि आमच्यातल्या कोणाकडेच बघत नव्हता.

"उचलू का नको?" टेम्पोवाल्याने विचारलं.

"उचल," दानियल म्हणाला. "नंतर अजून अवघड होईल."

"हात लावून तर बघ." आवाज मागून आला. गोदाकाकू. फाटकाच्या आत, पडवीच्या पायरीवर, चपला काढून उभ्या होत्या. किती वर्षांत पहिल्यांदा, देव जाणे. हातात दुधाची किटली नव्हती, झाकलेली कढई होती. "व्यायला बसलेलं जनावर दावनीवरून हलवत न्हाईत. विकत न्हाईत. कुणी मागितलं तरी दाखवतसुदिक न्हाईत. तुमच्यात नसंल, आमच्यात हाय. आन् ही आता आमच्याबी शेजारची हाय."

दानियल म्हणाला, "काकू, कालपर्यंत तुम्ही नाक धरत होतात."

"काल ती डुक्कर हुती."

टेम्पोवाल्याने खांद्यावरचा दोर काढून गुंडाळला. "मी नाही लावत हात, भाऊ. माझ्या घरी आठवा चाललाय. अशा वेळी दोर बांधत नाहीत." आणि तो तिथेच, भिंतीशी उकिडवा बसला, जसं त्याला कोणी बसायलाच बोलावलं होतं.

पहिलं आलं तेव्हा आवाजही झाला नाही. भरताच्या वांग्याएवढं, तसंच काळं, चकचकीत. मला वाटलं आता कोणीतरी त्याला उचलावं लागेल, पुसावं लागेल. ते घसरून खाली आलं, डोळे उघडे, शिंकलं, आणि चालायला लागलं. नाळ मागे ओढत, पडत, उठत, आईच्या मांडीला वळसा घालून, पोटाच्या कडेकडेने थेट सडापर्यंत. कोणी रस्ता दाखवला नाही. ढेपीने मान वळवूनही पाहिलं नाही. ती फक्त बोलत होती. घशातून खोल, ठराविक अंतराने, हं, हं, हं, आणि पिल्लू त्या आवाजाच्या दोरीला धरून चालल्यासारखं येत होतं. त्याने सड तोंडात घेतला तशी ती हं हं भरभर व्हायला लागली, अगदी पाऊस पत्र्यावर वाढतो तशी, आणि पिल्लाचा घसा हलायला लागला. टेम्पोवाला हळूच म्हणाला, "आयला," आणि लगेच बाईंना "सॉरी." बाईंनी ऐकलंच नव्हतं.

सहा अशी आली. दानियलने मोबाईल खिशात घातला होता आणि तोंड उघडं ठेवून बसला होता. सातवं आलं ते हललं नाही. गोधडीवर तसंच पडलं, ओलं, गप्प. ढेपीच्या तोंडाजवळ जायची आमची कोणाची छाती नव्हती. बुधवारचा धक्का सगळ्यांना माहीत होता. मी गेले. का गेले ते मला माहीत नाही, माझ्याजवळ गमावण्यासारखं काही उरलेलं नव्हतं म्हणून असेल. गुडघ्यांवर सरकत गेले, तिच्या डोळ्यात बघत, आणि हात घातला. तिने हं हं थांबवलं. तिचा श्वास माझ्या मनगटावर आला. मग तिने पुन्हा सुरू केलं. मी पिल्लू उचलून मागे दिलं, आणि ते घेतलं गोदाकाकूंनी, स्वतःच्या पदरात. तोंडात बोट घालून चिकट काढलं, पाय धरून उलटं केलं, नाकपुड्यांत फुंकर घातली, पदराने खसाखसा चोळत राहिल्या आणि तोंडाने चालू, "ये गं बया, ये, लांबून आलीस, आता दारातनं माघारी जाऊ नगं." किती वेळ ते सांगता येत नाही. आतला पंखा फिरत होता. मग पदरातून बारीक, रागावलेली किंकाळी आली.

 काकूंनी ते पिल्लू माझ्या हातात दिलं आणि मी ते रिकाम्या सडाशी नेऊन ठेवलं. बाकीच्या सहांनी त्याला ढकललं नाही. एवढ्यातच ज्याची त्याची जागा ठरली होती. मी बाजूला होईपर्यंत बाई माझ्या शेजारी येऊन फरशीवर बसल्या होत्या. पांढऱ्या साडीत, प्लास्टरचा हात मांडीवर. खाली बसताना त्यांनी चांगला हात माझ्या खांद्यावर टेकला होता आणि तो तिथून काढला नव्हता.

"बाजरी शिजवून आनलीया गूळ घालून," काकू कढईवरचं झाकण काढत म्हणाल्या. "म्हस व्याली की देतो आमी. हिला चालंल का?"

"चालेल," बाई म्हणाल्या. "कोमट करून द्यावी लागेल."

तेव्हा दानियलचा फोन वाजला. तो उठून अंगणात गेला, पुन्हा दारात आला, फोनवर तळवा ठेवून. "आत्या, चर्चमधून विचारतायत. तू कशी आली नाहीस म्हणून. काय सांगू?"

"सांग, घरी बाळंतीण आहे."

"अगं आत्या, असं कसं सांगू?"

"आहे तसं सांग. आणि म्हणावं, दीड महिना तरी जमणार नाही." त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात जरा दाबला. "करायला घरात आम्ही दोघीच आहोत."

मी बाजरीची कढई उचलली आणि स्टोव्ह पेटवायला आत गेले.